आकड्यापुढचा रकाना

गणपती दहा-अकरा दिवसांवर आले होते. साल २०२३. न्यू जर्सीतल्या एडिसन गावी, माझ्या भाचीच्या घरी, जेवणाच्या टेबलावर मखराचे पुठ्ठे, कात्री, सोनेरी कागद असा पसारा पडला होता. संध्याकाळी तिची मुलगी, म्हणजे नात्यानं माझी नात, वरच्या खोलीतून खाली आली, आईच्या कानाशी काहीतरी बोलली आणि आल्या पावली वर गेली. भाचीच्या हातातली कात्री थांबली. थोड्या वेळानं जावईबापू कामावरून आले. दोघं स्वयंपाकघरात गेली आणि तिथून कुजबूज ऐकू येऊ लागली. घरात कुणाच्या तरी आजाराचं निदान झालं की मोठी माणसं ज्या आवाजात बोलतात, तो आवाज. शब्द एकच कळत होता, ‘बाराशे नव्वद.’

बँकेत तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला आकड्याचं भय नसतं. पण हा आकडा कसला, ते मला कळेना. शेवटी भाचीच बाहेर आली आणि म्हणाली, “मामा, दुसऱ्या खेपेलाही तेवढेच. तिला हवं असलेल्या विद्यापीठात पंधराशेच्या खाली कुणी बघतसुद्धा नाही. आता अर्ज करायचा की नाही, तुम्हीच सांगा.”

मी काय सांगणार? पण पुढचे दोन महिने त्या घरात राहताना, नातीबरोबर कागद चाळताना जे समजलं आणि नंतर परत आल्यावर जे वाचलं, ते सांगण्यासारखं आहे. कारण अशी कुजबूज आता एडिसनपुरती राहिलेली नाही. पुण्या-मुंबईच्या कितीतरी घरांतून ती ऐकू येते. आपली मुलंही ती परीक्षा देतात आणि आपल्या स्वतःच्या परीक्षा तर आहेतच.

या परीक्षेचं नाव सॅट. इंग्रजी आणि गणित, प्रत्येकी ८०० गुण, एकूण १६००. गंमत म्हणजे कोरा कागद दिला तरी ४०० मिळतात, त्यामुळे आकडा खरं तर ४०० पासून मोजायचा. देशभरची सरासरी अलीकडच्या वर्षांत एक हजार तिशीच्या आसपास असते. म्हणजे आमच्या नातीनं शंभरातल्या ऐंशीहून अधिक मुलांना मागं टाकलं होतं. तिचे गुण सरासरीपेक्षा कमी नव्हतेच. ते एका विशिष्ट विद्यापीठात शिरलेल्या मुलांच्या सरासरीपेक्षा कमी होते. या दोन वाक्यांत मोठं अंतर आहे. पण घराघरांतली कुजबूज ते अंतर गिळून टाकते आणि सतरा वर्षांच्या पोरीला ‘आपण कमी आहोत’ एवढंच ऐकू येतं.

या परीक्षेचा जन्मच मोठा विचित्र आहे. जून १९२६ मध्ये ती पहिल्यांदा झाली, तेव्हा सुमारे आठ हजार मुलं बसली होती. सुमारे दीड तासात तीनशेहून अधिक प्रश्न! ती रचणारे कार्ल ब्रिगहॅम प्रिन्स्टनचे मानसशास्त्रज्ञ. पहिल्या महायुद्धात सैनिकांची बुद्धी मोजायला ज्या चाचण्या घेतल्या गेल्या, त्यांवरून त्यांनी १९२३ साली एक पुस्तक लिहिलं आणि अमुक वंशाची माणसं हुशार, तमुक वंशाची मंद, असा निष्कर्ष छातीठोकपणे मांडला. पुढं १९३० मध्ये त्यांनी स्वतःच आपला निष्कर्ष निराधार असल्याचं लिहून तो मागं घेतला. चूक कबूल करणारे शास्त्रज्ञ थोडे असतात, म्हणून त्यांना मान द्यायला हवा. परीक्षा मात्र तोवर पायावर उभी राहिली होती.

तिला मोठं केलं ते हार्वर्डचे अध्यक्ष जेम्स कॉनन्ट यांनी, आणि त्यांचा हेतू चांगला होता. १९३३ साली ते अध्यक्ष झाले तेव्हा हार्वर्डमध्ये पूर्वेकडच्या मूठभर श्रीमंत निवासी शाळांतली मुलंच भरलेली असत. दूरच्या लहान गावातल्या, ज्याच्या बापाला कुणी ओळखत नाही अशा हुशार मुलाला शोधायचं कसं? त्यासाठी त्यांनी शिष्यवृत्तीच्या निवडीत ही परीक्षा आणली. वशिला नको, आडनाव नको, कागदावरचा आकडा बोलू दे. आपल्याकडे स्पर्धा परीक्षांवर सामान्य माणसाचा जो विश्वास आहे, तो याच कारणानं आहे. मी स्वतः बँकेत लागलो तो लेखी परीक्षा देऊन. माझ्या मागं कुणी नव्हतं, मला त्या आकड्यानंच हात दिला. त्यामुळे परीक्षेला सरसकट शिव्या देणाऱ्यांच्या पंगतीत मी बसणार नाही.

पण जे दार गरिबासाठी म्हणून उघडलं, त्या दाराशी पुढं श्रीमंतांच्या शिकवण्या येऊन बसल्या. ब्रुकलिनमध्ये घरातच शिकवण्या घेणाऱ्या स्टॅनले कॅप्लन यांनी दुसरं महायुद्ध संपल्यावर या परीक्षेची तयारी करून घ्यायला सुरुवात केली आणि बघता बघता त्याचा धंदा देशभर झाला. आपल्याला हे नवं नाही. लातूर काय आणि कोटा काय, गोष्ट तीच.

आता आपल्याकडच्या आई-बापांची खरी गफलत कुठं होते ते पाहू. आमचे जावईबापू इंजिनियरिंगची प्रवेश परीक्षा देऊन वर आलेले. त्यांच्या डोक्यात मेरिट लिस्ट. वरपासून नावं लावली, जागा संपल्या तिथं रेघ मारली. रेघेच्या वर असशील तर आत, खाली असशील तर बाहेर. अमेरिकेतल्या निवडक विद्यापीठांत अशी रेघच नसते. तिथं प्रत्येक मुलाची फाईल असते. शाळेतल्या चार वर्षांचे गुण, कोणते विषय घेतले, शिक्षकांची शिफारसपत्रं, शाळेची माहिती, शाळेबाहेर काय केलं, आणि जास्तीत जास्त ६५० शब्दांचा एक निबंध. सॅटचा आकडा या फाईलमधला एक कागद. प्रवेश कचेरीतली माणसं ती फाईल वाचतात, आपसांत वाद घालतात, मतं देतात. हार्वर्डमध्ये २०२४ साली प्रवेश घेणाऱ्या तुकडीसाठी सुमारे ५४ हजार अर्ज आले आणि १,९३७ जणांना होकार गेला. नाकारलेल्यांत उत्तमोत्तम आकड्यांची मुलं हजारोंनी असतात. म्हणजे मोठा आकडा होकाराची हमी देत नाही, आणि लहान आकड्यानंही नकार पक्का होत नाही.

विद्यापीठं आपल्या मुलांच्या गुणांची सरासरी सहसा देतच नाहीत. मधल्या निम्म्या मुलांचा पट्टा देतात. समजा ‘१५०० ते १५६०’. याचा अर्थ पाव मुलं १५०० च्या खाली आहेत! नातीला मी हे पेन्सिलीनं काढून दाखवलं तेव्हा तिचा चेहरा उजळला. पण बँकवाल्याचा स्वभाव गप्प बसू देईना. मी विचारलं, “ही खालची पाव मुलं कोण असतील गं?”

उत्तर फारसं सुखाचं नाही. त्यांत विद्यापीठाच्या संघासाठी निवडलेले खेळाडू असतात. माजी विद्यार्थ्यांची, देणगीदारांची, प्राध्यापकांची मुलं असतात. हार्वर्डवरचा खटला २०१८ मध्ये उभा राहिला तेव्हा आतले आकडे बाहेर आले. अर्थतज्ज्ञांनी त्यांवरून हिशेब मांडला की प्रवेश मिळालेल्या गोऱ्या मुलांपैकी ४३ टक्के मुलं याच चार वर्गांतली होती. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन या तिघांनी २०२३ साली दाखवून दिलं, की सॅटचे गुण सारखे असले तरी सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतलं मूल मध्यमवर्गीय मुलाच्या दुपटीहून अधिक शक्यतेनं अशा विद्यापीठात जातं. त्याच खालच्या पट्ट्यात आणखीही मुलं असतात. ज्यांच्या घरात आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही अशी, किंवा आडगावच्या शाळेतली, जिथं १३५० हा आकडा शाळेच्या इतिहासात कुणी पाहिलेला नसतो. आकडा एकच, पण तो कुठल्या मातीत उगवला हे वाचणारा बघतो, निदान त्यानं बघावं अशी अपेक्षा असते.

आमची नात यांपैकी कुणीच नव्हती. खेळाडू नाही, आजोबा-पणजोबा हार्वर्डचे नाहीत, आई-वडील दोघं उच्चशिक्षित, शाळा उत्तम. तिच्या वर्गातल्या कितीतरी मुलांना पंधराशे होते. त्यामुळे तिचा १२९० हा आकडा वाचणाऱ्याला दया यावी असं काहीच नव्हतं. हे तिला सांगणं मला जड गेलं. पण खोटी आशा दाखवणं हे कर्ज फेडता येणार नाही हे दिसत असताना मंजूर करण्यासारखंच पाप आहे.

मग एक पर्याय पुढं आला, तो म्हणजे आकडा पाठवूच नये! ही काही लबाडी नव्हे. मेन राज्यातल्या बोडन कॉलेजनं १९६९ सालीच गुण पाठवण्याची सक्ती काढून टाकली होती. त्याच राज्यातल्या बेट्स कॉलेजनं १९८४ मध्ये तोच मार्ग धरला. २०१८ साली शिकागो विद्यापीठ त्या वाटेनं गेलं. २०२० मध्ये करोनाच्या साथीनं परीक्षा केंद्रंच बंद पडली आणि जवळजवळ सगळ्याच मोठ्या विद्यापीठांना सक्ती उठवावी लागली. कॅलिफोर्निया विद्यापीठानं तर पुढं ठरवून टाकलं, की कुणी गुण पाठवले तरी प्रवेशासाठी ते बघायचेच नाहीत.

पण इथंही एक पेच आहे. कमी गुणांची मुलं आकडा पाठवेनाशी झाली की छापील पट्टा आपोआप वर सरकतो. काल १४५० ला सुरू होणारा पट्टा आज १५०० ला सुरू होतो. मुलं अधिक हुशार झाली असं नाही. खालचे आकडे नुसते दिसेनासे झाले. मग १४८० वाला मुलगाही घाबरून आकडा लपवतो. डार्टमथ कॉलेजच्या प्राध्यापकांनी याचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना एक चटका लावणारी गोष्ट आढळली. गरीब घरांतल्या, साधनं नसलेल्या शाळांतल्या मुलांनी चौदाशेच्या घरातले गुण ‘कमी’ समजून दडवले होते. त्यांनी ते पाठवले असते तर प्रवेश कचेरीनं ते त्यांच्या परिस्थितीच्या मानानं भरघोस मानले असते, त्यांची शक्यता वाढली असती. ज्यांनी दाखवायला हवं होतं तेच लाजून मागं राहिले! २०२४ च्या फेब्रुवारीत डार्टमथनं परीक्षा पुन्हा सक्तीची केली. एमआयटीनं त्याआधी २०२२ मध्येच केली होती; येल, ब्राऊन, हार्वर्ड यांनीही २०२४ मध्ये तोच निर्णय जाहीर केला. त्यांचं म्हणणं असं, की शाळांचे गुण आता इतके फुगले आहेत की त्यांतून काही कळत नाही, आणि पहिल्या वर्षाचा अभ्यास कुणाला झेपेल हे या परीक्षेतून बऱ्यापैकी कळतं. या म्हणण्याला आकड्यांचा आधार आहे, ते मान्य करायला हवं. म्हणून ज्यांच्या घरी हा प्रश्न आहे त्यांनी शेजारच्याच्या मुलाचं ऐकून ठरवू नये. प्रत्येक विद्यापीठाचा त्या वर्षीचा नियम स्वतः वाचावा.

हे सगळं वाचत असताना मला राहून राहून एक जुनी गोष्ट आठवत होती. १९९४ च्या सुमाराची. मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. एक तरुण अर्ज घेऊन आला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचा विचार होता. वेल्डिंग मशीन आणि थोडा लोखंडी माल यासाठी त्याला चाळीस हजार हवे होते. स्वतःचे दहा हजार घालायला हवेत, त्याच्याकडे साडेसहा होते. जामीनदार एकच, तोही सहा गुंठ्यांचा मालक. दहावीला दोनदा बसलेला. आमच्या मूल्यमापनाच्या कागदावर सगळ्या रकान्यांत तो थोडाथोडा कमी पडला. त्यानं टेबलावर एक वही ठेवली, तीत त्यानं ट्रॉलीची चित्रं काढली होती, मापांसकट. मी ती चाळली आणि परत केली. अर्ज नामंजूर. पुढच्या तपासणीत माझ्या शाखेची थकबाकी कमी म्हणून साहेबांनी पाठ थोपटली.

तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती. बँकेत थकीत कर्जाची यादी असते. मी चुकीच्या माणसाला कर्ज दिलं तर ती चूक दर महिन्याला लाल शाईत माझ्यासमोर येते. पण मी योग्य माणसाला नाकारलं, तर? नामंजूर अर्जांचं रजिस्टर असतं, त्यात तारीख, रक्कम, कारण, सगळं असतं. ‘पुढं या माणसाचं काय झालं’ असा रकाना मात्र त्यात नसतो. ती चूक कधीच कुणाला दिसत नाही. म्हणून निवडणारा माणूस आपल्याला अचूक समजू लागतो. ज्यांना आत घेतलं ते बरे निघाले, एवढंच त्याला ठाऊक असतं.

विद्यापीठांचंही असंच. आणि म्हणून बेट्स कॉलेजनं केलेल्या कामाचं मला फार महत्त्व वाटतं. त्यांनी तो नसलेला रकाना भरून पाहिला. गुण न पाठवता आत आलेल्या आणि गुण पाठवून आलेल्या मुलांची वीस वर्षांची कागदपत्रं त्यांनी समोरासमोर ठेवली. कॉलेजातल्या सरासरी श्रेणीत फरक निघाला तो चारपैकी पाच शतांश गुणाचा. पदवी पूर्ण करण्याच्या प्रमाणातला फरक एक दशांश टक्क्याचा. एका लहान कॉलेजचा हा अनुभव आहे, तो एमआयटीच्या गणिताला लागू पडेलच असं नाही. पण ज्यांना आकड्याच्या रेघेनं बाहेर ठेवलं असतं, ती मुलं आत आल्यावर शिकली, पास झाली, ही नोंद आता कुणाला पुसता येणार नाही.

आणखीही ठिकाणी हा रकाना भरला गेला आहे. न्यूयॉर्कमध्ये १९८९ साली डेबोरा बिअल यांनी ‘पॉसी’ नावाची संस्था काढली. शहरातल्या शाळांतली मुलं त्या निवडतात ती गटात बसवून. काम देतात आणि बघतात, कोण पुढाकार घेतो, कोण दुसऱ्याचं ऐकतो, कोण पडलेल्याला उचलतो. निवडलेल्या दहा-दहा मुलांचा जथा एकत्रच एका कॉलेजात जातो, म्हणजे परक्या जागी एकटं वाटून कुणी परत फिरू नये. नुसत्या सॅटच्या आकड्यावर यांतल्या कितीतरी मुलांना तिथं कुणी उभं केलं नसतं. त्यांच्यातली नव्वद टक्क्यांच्या आसपास मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात. टेक्सास राज्यानं १९९७ साली कायदाच केला, की राज्यातल्या कुठल्याही शाळेतले वरचे दहा टक्के विद्यार्थी सरकारी विद्यापीठांत थेट घ्यावेत, मग त्यांचा सॅटचा आकडा काही असो. ऑस्टिनच्या विद्यापीठात गर्दी झाल्यावर तिथली टक्केवारी खाली आणावी लागली, पण तत्त्व टिकलं. वाळवंटाकाठच्या शाळेतला पहिला आणि ह्यूस्टनच्या उपनगरातला पहिला, दोघांनाही आपापल्या मातीतला पहिला म्हणून मान.

आता नातीच्या फाईलकडे वळतो. ऑक्टोबर उजाडला. ओळखीच्या एका गृहस्थांनी एक सल्लागार सुचवला होता. त्यानं निबंधाचा मसुदा पाठवला. त्यात माझी नात भारतातल्या दारिद्र्यानं व्यथित होऊन जगाचं नेतृत्व करायला निघाली होती! पोरीनं तो मोठ्यानं वाचून दाखवला आणि आम्ही दोघं पोट धरून हसलो. भाचीला हसू आलं नाही. पैसे दिले होते. या बाजारात पुढं काय काय होतं हे २०१९ साली सगळ्या जगानं पाहिलं. रिक सिंगर नावाच्या माणसानं श्रीमंत आई-बापांकडून पैसे घेऊन मुलांच्या उत्तरपत्रिका दुरुस्त करवल्या, कधी पाण्यात न उतरलेल्यांना जलक्रीडापटू बनवलं. त्याला २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. मला त्या मुलांची कीव येते. ज्यांच्या आई-बापांनीच त्यांना सांगितलं, की तू जसा आहेस तसा पुरेसा नाहीस.

मी नातीला विचारलं, “शनिवारी सकाळी तो निळा शर्ट घालून तू कुठं जातेस?”

ती गावच्या स्वयंसेवी रुग्णवाहिका पथकात उमेदवारी करत होती. न्यू जर्सीत अशी पथकं गावोगाव आहेत. “त्यात काय सांगायचं, आजोबा?” ती म्हणाली. मग हळूहळू सांगत गेली. एडिसनमध्ये मुलाकडे राहायला आलेल्या कितीतरी आज्या आहेत. त्यांना इंग्रजी येत नाही. मुलगा-सून कामावर. छातीत दुखायला लागलं की फोन लागतो, गाडी येते, गणवेशातली परकी माणसं घरात शिरतात आणि म्हातारी जास्तच घाबरते. एकदा अशीच एक सातारकडची आजी हात लावू देईना. हिनं तिच्याशेजारी खाली बसून मोडक्या मराठीत विचारलं, “आजी, कुठं दुखतंय?” म्हातारीनं तिचा हात धरला तो इस्पितळात पोहोचेपर्यंत सोडला नाही. त्यानंतर हिनं घरी बसून एक कागद केला. ‘श्वास घ्यायला त्रास होतो का’, ‘कोणती गोळी चालू आहे’ असे वीस-बावीस प्रश्न मराठी, गुजराती, हिंदी आणि तेलुगूत, इंग्रजी अक्षरांत लिहून. मैत्रिणींच्या आज्यांकडून तपासून घेतले. तो कागद आता गाडीत लावलेला असतो.

“हे कुणाला सांगितलंस?”

“कुणी विचारलंच नाही.”

तिनं तोच निबंध लिहिला. सातारकडच्या आजीपासून सुरू केलेला. मी एक शब्दही बदलला नाही; इंग्रजी माझं बँकेचं, त्यात सजीव माणूस शिरला की तो अर्जदार होतो.

मग आम्ही कर्जाचे प्रस्ताव लावावेत तशी विद्यापीठांची यादी लावली. दोन आवाक्याबाहेरची, त्यांत तिचं लाडकं. पाच अशी, की जिथं १२९० मधल्या पट्ट्यात बसतो. तीन खात्रीची. जिथं आकडा पट्ट्यात होता तिथं पाठवला. जिथं खाली होता आणि सक्ती नव्हती, तिथं नाही. आणि खर्चाचा हिशेब आधी मांडला, कारण प्रवेश मिळाल्यावर फी बघून रडणारी घरं मी खूप पाहिली आहेत. आपल्याकडून जाणाऱ्यांनी तर हे आधी पाहावं. परदेशी मुलाची ऐपत न बघता अर्जाचा विचार करणारी आणि पूर्ण मदत देणारी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटीसारखी विद्यापीठं तिथं मोजकीच आहेत. इतरत्र मदत मागणं हेसुद्धा प्रवेशाच्या वेळी तोललं जातं.

या निवडक विद्यापीठांचे निकाल लागतात मार्चअखेरीस. माझ्यासारख्या बँकवाल्याला मार्चअखेर म्हटलं की अजून पोटात गोळा येतो. २०२४ च्या मार्चअखेर इथं पुण्यात भल्या पहाटे फोन वाजला. भाचीचा होता. लाडक्या विद्यापीठानं नकार दिला होता. मागून रडणं ऐकू येत होतं. निबंध चांगला होता, मुलगी चांगली होती, तरी नकार. गोष्टीत असं होत नाही. आयुष्यात बहुधा असंच होतं.

त्या दिवसांत मी तिला एका अभ्यासाविषयी लिहिलं. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ साली तो प्रसिद्ध केला. नामांकित कॉलेजात होकार मिळूनही जी मुलं साध्या कॉलेजात गेली, त्यांची पुढची मिळकत नामांकित कॉलेजात गेलेल्यांइतकीच निघाली. पुढच्या कामात तर त्यांना असं दिसलं, की मुलांनी अर्ज कुठं केला होता, म्हणजे स्वतःविषयी किती उमेद बाळगली होती, यावरूनही पुढच्या वाटचालीचा अंदाज येतो. गरीब घरांतल्या मुलांना मात्र नामांकित कॉलेजचा फायदा खरोखर होतो, हेही त्यांनीच सांगितलं. चेट्टींच्या २०२३ च्या अभ्यासाप्रमाणे सरासरी मिळकतीत फारसा फरक पडत नाही, पण अगदी शिखरावर पोहोचण्याची शक्यता त्या मूठभर विद्यापीठांतून वाढते. दोन्ही गोष्टी मी तिला लिहिल्या. एकच लिहिली असती तर ते सांत्वन झालं असतं, माहिती झाली नसती.

ती आता न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात, रटगर्समध्ये, सार्वजनिक आरोग्य शिकते. घरापासून अर्ध्या तासावर. शनिवारची पाळी चालू आहे. भाची मध्यंतरी म्हणाली, “मामा, तिनं तिथं अर्ज केला नसता तर बरं झालं असतं. उगाच रडली.” मला ते पटलं नाही. अर्ज केला म्हणून तर तो निबंध लिहिला गेला, म्हणून तर आईला कळलं की आपली मुलगी शनिवारी कुठं जाते.

मागच्या दिवाळीत नातीचा फोन आला. बोलता बोलता मी तिला ट्रॉलीवाल्या मुलाची गोष्ट सांगितली. चाळीस हजारांचा अर्ज, साडेसहा हजारांची तयारी, सहा गुंठ्यांचा जामीनदार, चित्रांची वही. ती ऐकत होती.

“मग तुम्ही त्याला नंतर कधी शोधलंत का, आजोबा?”

“नाही.”

“आता शोधू या. नाव काय त्याचं?”

मी आठवायचा प्रयत्न केला. फोन कानाला तसाच धरून बराच वेळ केला. सगळे आकडे आठवत होते. नाव आठवलं नाही.